टू-वायर ट्रान्समीटरसाठी कमी करंटवर चालणारा डॅक : साडेतीन मिलीअँपिअरमध्ये काय काय बसवायचं?

मकरपुरा_बेंच

नमस्कार मंडळी,

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं वर्कशॉप आहे. एका कारखान्याच्या भूमिगत पाण्याच्या टाकीसाठी लेव्हल ट्रान्समीटर करायचा आहे. पॅनेलपासून टाकीपर्यंत दोन तारांची जुनी केबल पुरलेली आहे. नवी टाकायची तर रस्ता खणावा लागेल, त्यामुळे आहे त्या दोन तारांतच काम व्हायला हवं. म्हणजे ४–२० मिलीअँपिअरचा लूप (रिकाम्या टाकीला ४, भरलेल्या टाकीला २०), आणि सर्किटची पॉवरही त्याच लूपमधून.

टाकी रिकामी असताना लूपमध्ये ४ मिलीअँपिअर वाहतात, म्हणून सेन्सर, प्रोसेसर, एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप), डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप), रेफरन्स (त्यांना आधार देणारं स्थिर व्होल्टेज) या सगळ्यांनी मिळून त्याहून कमी खायला हवं. शिवाय नामूर या उपकरणं वापरणाऱ्या उद्योगांच्या संघटनेच्या एनई ४३ शिफारशीप्रमाणे ३.६ मिलीअँपिअर किंवा त्याखालचा करंट म्हणजे 'ट्रान्समीटर बिघडला' अशी खूण. ती खूण द्यायची सोय ठेवायची तर हातात उरतात साडेतीन. तेही कसेबसे.

आता डॅकबद्दल. डेटाशीट उघडलं की पहिल्या पानावर 'लो पॉवर' हे शब्द असतातच आणि बरोबर नॅनोअँपिअरमधला एखादा आकडा असतो. तो बहुतेक वेळा शटडाउनचा असतो. एमसीपी ४७२५ घ्या. शटडाउनमध्ये साधारण ६० नॅनोअँपिअर, चालू असताना मात्र २१० मायक्रोअँपिअर. आणि शटडाउनमध्ये त्याचं आउटपुट आतल्या १, १०० किंवा ५०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला जोडलं जातं, म्हणजे धरून ठेवलेलं व्होल्टेज गेलं. आपल्या लूपला आउटपुट अखंड लागतं. तेव्हा शटडाउनचा आकडा आपल्या कामाचाच नाही. डॅक चालू असताना, लोड जोडलेला असताना, किती खातो तेवढंच बघायचं.

सध्या माझ्यासमोर हे पर्याय आहेत :

एडी ५६२१ – १२ बिट (४०९६ पायऱ्या), एसपीआय (प्रोसेसरशी बोलायची तीन तारांची पद्धत), ५ व्होल्टला कमाल १०० मायक्रोअँपिअर. पॅकेज एससी ७०, अगदी बारीक.

डीएसी ७५१२ – १२ बिट, एसपीआय, ५ व्होल्टला साधारण १३५, ३ व्होल्टला ११५.

एमसीपी ४७२५ – १२ बिट, आय-टू-सी (दोन तारांची पद्धत), आत ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी). तयार मोड्यूल सहज मिळतं.

एडी ५४२१ – लूपसाठीच बनवलेली १६ बिटची चिप. रेग्युलेटर आणि रेफरन्स आतच, कमाल ३०० मायक्रोअँपिअर. सुटसुटीत आहे, पण थोड्या नगांच्या कामाला महाग पडते.

पहिल्या तिघांपैकी एक घेतला तर पुढे एक्सटीआर ११५ लावायचा विचार आहे. तो इनपुटला येणारा करंट शंभरपट करून लूपमध्ये पाठवतो, स्वतः साधारण २०० मायक्रोअँपिअर घेतो, आणि सर्किटसाठी ५ व्होल्टचं रेग्युलेटेड आउटपुटही देतो.

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. विशेषतः रेफरन्सबद्दल. या तिन्ही डॅकना वेगळी रेफरन्स पिन नाही, त्यांचा सप्लाय हाच त्यांचा रेफरन्स.

——

रावपुरा_सोल्डर

रेफरन्सचा प्रश्न सुटतो. रेफरन्सवरच डॅक चालवायचा. आरईएफ ३३३३ ही ३.३ व्होल्टची रेफरन्स चिप स्वतः जेमतेम ४ मायक्रोअँपिअर घेते आणि ५ मिलीअँपिअरपर्यंत देऊ शकते. तुमचा डॅक मागणार १००. एक्सटीआरच्या ५ व्होल्टवरून रेफरन्स, रेफरन्सवरून डॅकची सप्लाय पिन. डीएसी ७५१२ च्या डेटाशीटमध्येही हीच युक्ती दिली आहे.

प्रोसेसरला मात्र त्या रेफरन्सवर बसवू नका. तो जागा झाला, झोपला, की करंट उड्या मारतो आणि त्या उड्या आउटपुटवर दिसतात. त्याला वेगळा छोटा रेग्युलेटर द्या. एमसीपी १७०० स्वतः १.६ मायक्रोअँपिअर घेतो, ३.३ व्होल्टमध्ये मिळतो.

आणि घरात पडलेला टीएल ४३१ रेफरन्स म्हणून लावायचा मोह होतो, तो आवरा. नीट रेग्युलेशनसाठी त्याला १ मिलीअँपिअरपर्यंत करंट द्यावा लागतो. साडेतीनातला एक तिथेच गेला.

——

कलाभवन_तिसरं_वर्ष

दादा, एक शंका. आमच्या लॅबमध्ये सगळे एमसीपी ४७२५ चं मोड्यूलच वापरतात. लायब्ररी तयार आहे, दोन तारा जोडल्या की झालं. २१० आणि १०० यांत फरक ११० मायक्रोअँपिअरचा. साडेतीन हजारांत ११० म्हणजे फार नाही ना? मग बारीक एससी ७० सोल्डर करायचा त्रास का घ्यायचा?

——

मकरपुरा_बेंच

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि करंटपुरतं बोलायचं तर तुमचं म्हणणं मला मान्य आहे. हिशेब मांडून बघू. एक्सटीआर २००, रेफरन्स ४, डॅक १००, प्रोसेसर आणि एडीसी मिळून ५०० धरू. प्रेशर सेन्सरचा ब्रिज (आतलं रेझिस्टरांचं जाळं) ५ किलोओहमचा आहे, ३.३ व्होल्टवर तो ६६० घेतो. बेरीज दीड मिलीअँपिअरच्या आत. डॅक १०० चा घेतला काय किंवा २१० चा, लूप चालेल.

३५० ओहमचा स्ट्रेनगेज ब्रिज असता तर त्याच ३.३ व्होल्टवर सव्वानऊ मिलीअँपिअरच्या वर गेला असता आणि मग कुठलाही डॅक आपल्याला वाचवू शकला नसता. म्हणूनच डॅक एकटा निवडता येत नाही, सगळं ताट एकदम वाढून बघावं लागतं.

पुढे हार्ट मोडेम (त्याच दोन तारांवरून डिजिटल माहिती पाठवणारा) किंवा डिस्प्ले जोडायचा झाला तर मात्र हेच १०० मायक्रोअँपिअर कामाला येतील. आज वाचवलेले उद्या खर्चता येतात.

——

फर्मवेअरवाली_अलकापुरी

मोड्यूलबद्दल करंटपेक्षा वेगळं काहीतरी सांगायचं आहे. एमसीपी ४७२५ सुरू होताना ईईप्रॉममधला आकडा उचलतो आणि लगेच आउटपुटवर देतो. कारखान्यातून येताना तिथे मिडस्केल, म्हणजे अर्ध्यावरचा आकडा भरलेला असतो. तो न बदलता चिप लूपमध्ये लावली तर पॉवर आल्याबरोबर पॅनेलवर टाकी जवळजवळ अर्धी भरलेली दिसेल, प्रोसेसर जागा होऊन खरा आकडा लिहीपर्यंत. तेवढ्यात पंपाचं लॉजिक चुकीचा निर्णय घेऊ शकतं. एडी ५६२१ आणि डीएसी ७५१२ शून्यावर उठतात. लूपसाठी शून्यच सुरक्षित.

ईईप्रॉममध्ये मुद्दाम बिघाडाचा आकडा लिहून ठेवला तर ही सोय उलट फायद्याचीही ठरते. पण तो एकदाच, बेंचवर लिहायचा. बऱ्याच लायब्ररींमध्ये व्होल्टेज लिहिण्याच्या फंक्शनला शेवटी एक खरं-खोटं देता येतं. ते 'खरं' राहिलं तर प्रत्येक वेळी ईईप्रॉममध्ये लिहिलं जातं. ईईप्रॉमची क्षमता साधारण १० लाख वेळा लिहिण्याची. सेकंदाला १० वेळा अपडेट केलं तर १ लाख सेकंद, म्हणजे २८ तासांत संपली. @कलाभवन_तिसरं_वर्ष, लॅबच्या सगळ्या कोडमध्ये हे आधी तपासा.

——

वाघोडिया_रोड

डॅक हवाच कशाला? प्रोसेसरचा पीडब्ल्यूएम (वेगाने चालू-बंद होणारं आउटपुट) घ्या, ते सपाट करायला दोन आरसी फिल्टर लावा. टाकीची पातळी काही मिलीसेकंदात बदलत नाही. चिपचा खर्च वाचला, बोर्डवरची जागा वाचली, १०० मायक्रोअँपिअरही वाचले.

——

मकरपुरा_बेंच

@वाघोडिया_रोड, पर्याय खरा आहे, त्यामुळे नीट तपासू. १२ बिट पीडब्ल्यूएमला ८ मेगाहर्ट्झचा क्लॉक दिला तर फ्रीक्वेन्सी येते १९५३ हर्ट्झ. १० हर्ट्झचे दोन आरसी लागोपाठ लावले तर रिपल भरपूर मरतो आणि आउटपुट सेकंदाच्या काही भागात स्थिरावतं. पातळीला पुरेसं आहे, इथपर्यंत एकमत.

पण त्यासाठी टायमर अखंड चालू ठेवावा लागतो, म्हणजे ८ मेगाहर्ट्झचा क्लॉक कधीच बंद करता येत नाही. आमचा प्रोसेसर बराच वेळ गाढ झोपतो, त्यामुळेच त्याचा सरासरी करंट कमी आहे. तो जागा ठेवायचे काहीशे मायक्रोअँपिअर मोजले तर १०० चा डॅक स्वस्त पडतो. दुसरं, पीडब्ल्यूएमची 'वरची' पातळी म्हणजे प्रोसेसरचा सप्लाय. तो रेफरन्सइतका स्थिर हवा असेल तर मध्ये रेफरन्सवर चालणारा एखादा गेट टाकावा लागतो. म्हणजे शेवटी चिप आलीच.

——

वाघोडिया_रोड

क्लॉकचा मुद्दा मान्य. आमच्याकडे प्रोसेसर झोपवायची गरज नसते, तिथे पीडब्ल्यूएम वापरतो आणि वापरत राहीन. लूपच्या पॉवरवर चालवायचं असेल तर डॅक घ्या.

——

कोयलीकर_काका

मुलांनो, चर्चा आवडली. माझी नोकरी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली, कोयली रिफायनरीच्या भागात. आमच्या सुरुवातीला ३–१५ पीएसआयची हवेवर चालणारी उपकरणं अजून जागोजागी होती. त्यातही शून्य म्हणजे ३ पीएसआय, हवा पूर्ण गेली तर लगेच कळायचं. ४–२० मध्ये तोच विचार आला, प्रमाणही तेच, एकास पाच.

म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. एक्सटीआर ११५ च्या २.५ व्होल्टच्या रेफरन्सवरून ६२.५ किलोओहम लावून ४० मायक्रोअँपिअर कायमचे देता येतात. शंभरपट होऊन ते ४ मिलीअँपिअर होतात, आणि डॅक फक्त वरचे १६ सांभाळतो. रिझोल्यूशन थोडं वाढतं, म्हणून पुष्कळ जण हा मार्ग घेतात. पण मग डॅक मेला, एसपीआयची तार तुटली, प्रोसेसर अडकला आणि डॅक शून्यावर राहिला तर लूपमध्ये किती? बरोबर ४. पॅनेलला वाटेल टाकी रिकामी आहे, आणि पंप चालू होईल. भरलेल्या टाकीवर.

सगळा करंट डॅककडूनच येऊ द्या. डॅक शून्यावर गेला की लूप तुमच्या सर्किटच्या स्वतःच्या करंटवर येईल. तुमच्या हिशेबाने दीड मिलीअँपिअर. ते ३.६ च्या खाली आहे, पॅनेल लगेच ओरडेल. कमी करंटच्या डॅकचा आणि एकूणच काटकसरीचा हा खरा उपयोग आहे. सर्किट जितकं कमी खाईल तितका बिघाड स्पष्ट दिसेल.

——

मकरपुरा_बेंच

काका, हे माझ्या डोक्यात या बाजूने आलंच नव्हतं. ६२.५ किलोओहम काढून टाकला.

मग आकडे असे बसतात. डॅकचं फुलस्केल ३.३ व्होल्ट, एक्सटीआरच्या इनपुटला १५ किलोओहम. ३.३ भागिले १५ किलो म्हणजे २२० मायक्रोअँपिअर, शंभरपट करून २२ मिलीअँपिअर. म्हणजे वरच्या बाजूची बिघाडाची खूण, २१ मिलीअँपिअर, हीसुद्धा देता येते. ४ मिलीअँपिअरला डॅकला द्यायचा कोड (० ते ४०९५ पैकी) ७४५, २० ला ३७२४, ३.६ ला ६७०. एका पायरीचा करंट ५.४ मायक्रोअँपिअर. १६ मिलीअँपिअरच्या स्पॅनमध्ये २९७९ पायऱ्या, म्हणजे पायरी ०.०३४ टक्के. चार मीटर खोल टाकीत दीड मिलीमीटरच्याही आत. पाण्याची लाटच त्याहून मोठी असते.

——

हरणी_रोड_टेस्टिंग

मग १६ बिटचा का नाही? डीएसी ८५५१ हाही साधारण २०० मायक्रोअँपिअरमध्येच बसतो. करंट जवळपास तेवढाच आणि पायऱ्या सोळापट.

——

फर्मवेअरवाली_अलकापुरी

बडोद्याच्या उन्हाळ्यासकट हिशेब करून सांगते.

कॅलिब्रेशन २५ अंशांना केलं. मे महिन्यात टाकीच्या झाकणाजवळचा लोखंडी डबा उन्हात ७० अंशांपर्यंत तापला असं धरू. फरक ४५ अंशांचा. आरईएफ ३३ मालिकेचा ड्रिफ्ट (तापमानाने होणारा बदल) कमाल ३० पीपीएम (दशलक्षांश) प्रति अंश. गुणाकार केला की १३५० पीपीएम, म्हणजे ०.१३५ टक्के. १२ बिटच्या भाषेत साडेपाच पायऱ्या. १६ बिटच्या भाषेत ८८.

सोळाव्या बिटावर पैसे घालून त्या ८८ पायऱ्या उन्हात वर-खाली होत राहणार. त्याऐवजी १२ बिटचाच डॅक ठेवून एडीआर ३४०० मालिकेतली रेफरन्स घेतली तर ड्रिफ्ट कमाल ८ पीपीएम, त्याच ४५ अंशांत दीड पायरी. ती १०० मायक्रोअँपिअरपर्यंत घेते, पण आपल्या ताटात तेवढी जागा आहे. पैसे आणि करंट दोन्ही रेफरन्सवर खर्च करा, बिटांवर नको.

रेझिस्टरही विसरू नका. तो १५ किलोओहमचा रेझिस्टर साधा १०० पीपीएमवाला असेल तर रेफरन्सवर केलेला सगळा खर्च तिथेच वाया जाईल. तो २५ पीपीएमचा किंवा त्याहून चांगला हवा.

——

हरणी_रोड_टेस्टिंग

पटलं. आमच्या टेस्टिंगमध्ये बोर्ड ओव्हनमध्ये ठेवून बघतो, तिथे रेफरन्सच आधी हलताना दिसते हे खरं आहे.

यावरून आठवलं. लूपमधला बाहेरचा ट्रान्झिस्टर २० मिलीअँपिअरला चांगला तापतो. २४ व्होल्टमधून पॅनेलच्या २५० ओहमवर ५ व्होल्ट जातात, केबलवर थोडे, उरलेले सगळे त्याच्यावर. साधारण ०.३५ वॅट. एक्सटीआरमध्ये तो मुद्दाम बाहेर ठेवला आहे, उष्णता चिपपासून दूर राहावी म्हणून. त्याला रेफरन्सच्या शेजारी बसवलात तर तो हेतूच जाईल. बोर्डच्या दुसऱ्या टोकाला न्या.

——

रावपुरा_सोल्डर

उन्हाळ्याचं झालं, आता पावसाळा. एक्सटीआर इनपुटचा करंट शंभरपट करतो, म्हणजे बोर्डवरची गळतीही शंभरपट करतो. ओल आणि फ्लक्स मिळून ५ व्होल्टच्या ट्रॅकपासून त्या इनपुटपर्यंत ५ मेगाओहमची वाट तयार झाली तर गळती १ मायक्रोअँपिअर. लूपमध्ये ती ०.१ मिलीअँपिअर दिसेल, स्पॅनच्या ०.६ टक्के. रेफरन्सचा सगळा उन्हाळ्यातला ड्रिफ्ट याच्यापुढे छोटा.

फ्लक्स आयसोप्रोपिलने नीट धुवायचा, बोर्ड ओव्हनमध्ये सुकवायचा, मग कन्फॉर्मल कोटिंग (बोर्डवर संरक्षक थर). कोटिंगच्या आत ओल अडकली तर कोटिंग नसल्यापेक्षा वाईट. भूमिगत टाकीचं झाकण म्हणजे बाराही महिने पावसाळाच, हे लक्षात ठेवा.

एससी ७० ची धास्ती वाटत असेल तर डीएसी ७५१२ एसओटी २३ मध्ये मिळतो. इथे नाही सापडला तर अहमदाबादला रिलीफ रोड, नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोड. डॅकसारखी चिप मात्र मी अधिकृत वितरकाकडूनच मागवतो. पाच-दहा नगांत वाचून वाचून किती वाचणार?

——

कलाभवन_तिसरं_वर्ष

खूप शिकायला मिळतंय. आय-टू-सीच्या पुलअपबद्दल (लाइन वर ओढून धरणाऱ्या रेझिस्टरांबद्दल) विचारू का? मोड्यूलवर ४.७ किलोओहमचे पुलअप असतील तर लाइन खाली गेल्यावर ३.३ व्होल्टला ०.७ मिलीअँपिअर जातात. हे तर डॅकपेक्षा तिपटीहून जास्त! मग आय-टू-सी कमी पॉवरच्या कामाला बादच समजायचा का?

——

फर्मवेअरवाली_अलकापुरी

तुमचा ०.७ चा आकडा बरोबर आहे, पण तो फक्त लाइन खाली असेपर्यंत. १०० किलोहर्ट्झला तीन बाइट पाठवायला साधारण ०.३ मिलीसेकंद लागतो. सेकंदाला १० वेळा पाठवलं तर ३ मिलीसेकंद. त्यातला अर्धा वेळ लाइन खाली धरली, दोन लाइन मोजल्या, तरी सरासरी २ मायक्रोअँपिअरच्या आसपास. काहीच नाही.

भीती दुसरीच आहे. व्यवहार अर्ध्यावर तुटला आणि स्लेव्हने डेटा लाइन खाली धरून ठेवली तर ०.७ मिलीअँपिअर कायमचे. कोडमध्ये बस अडकली आहे का हे तपासून नऊ क्लॉक देऊन ती सोडवायची सोय ठेवायची. एसपीआयमध्ये पुलअपही नाहीत आणि हा प्रसंगही नाही, म्हणून लूपच्या कामात माझी पसंती एसपीआयला.

एसपीआय घेतला तरी दोन गोष्टी पाळा. प्रोसेसर ३.३ वर आणि डॅक ५ वर असं ठेवू नका. इनपुटचं व्होल्टेज सप्लाय आणि ग्राउंडच्या अधेमधे राहिलं की डॅकच्या इनपुटचे सीमॉस बफर अर्धवट उघडे राहतात आणि सप्लायचा करंट वाढतो. डेटाशीटमध्ये 'लॉजिक इनपुटप्रमाणे सप्लाय करंट' असा आलेख असतो, त्याचा मधला उंचवटा बघा. दुसरं, झोपायच्या आधी तिन्ही लाइन पक्क्या वर किंवा खाली करा, तरंगत सोडू नका.

——

रावपुरा_सोल्डर

याला जोडून. एडी ५६२१ आणि डीएसी ७५१२ दोघेही १६ बिटची फ्रेम घेतात, म्हणून एक मिळाला नाही की दुसरा लावू असं वाटतं. पण फ्रेम वेगळी आहे. डीएसी ७५१२ मध्ये आधी दोन बिनकामाचे बिट, मग दोन पॉवरडाउनचे, मग १२ डेटाचे. एडी ५६२१ मध्ये पॉवरडाउनचे दोन सगळ्यात आधी, मग डेटा, आणि बिनकामाचे दोन शेवटी. म्हणजे डेटा दोन बिट डावीकडे सरकवावा लागतो. एकाचा कोड दुसऱ्याला दिला तर आउटपुट चौपट फरकाने चुकतं, आणि काही आकड्यांना चिप थेट पॉवरडाउनमध्ये जाते. सर्किटमध्ये बिघाड शोधत बसायच्या आधी हे बघा. पिनाही डेटाशीट समोर ठेवूनच जुळवा.

——

कलाभवन_तिसरं_वर्ष

शेवटचा प्रश्न, थोडा वेगळा. माझ्या प्रोजेक्टमध्ये इलेक्ट्रोकेमिकल गॅस सेन्सरला बायस द्यायचा आहे, लूप नाही, सीआर २०३२ सेल आहे. बायस अखंड लागतो, पण तो क्वचितच बदलतो. तिथे कोणता डॅक?

——

मकरपुरा_बेंच

तिथे खेळ पूर्ण बदलतो. सीआर २०३२ ची क्षमता साधारण २२० मिलीअँपिअर-तास. १०० मायक्रोअँपिअरचा डॅक एकटाच तो तीन महिन्यांत संपवेल. तुमच्यासाठी एलटीसी १६६२ बघा. १० बिटचे दोन डॅक एका चिपमध्ये, प्रत्येकी साधारण दीड मायक्रोअँपिअर. दोघांचे ३ धरले तर कागदावर सेल ८ वर्षं जातो, म्हणजे जवळपास सेलच्या स्वतःच्या आयुष्याइतका.

त्याची किंमत वेगात मोजावी लागते. डॅकमध्ये बहुतेक करंट आउटपुट बफर खातो, आणि बफरला उपाशी ठेवलं की तो हळू चालतो. एडी ५६२१ काही मायक्रोसेकंदांत स्थिरावतो, हा त्याच्या मानाने पुष्कळच सावकाश आहे. बायसला त्याने काही फरक पडत नाही. पण ऑडिओसारखा सिग्नल काढायला तो घेऊ नका.

दोन गोष्टी जपा. चिपला किमान २.७ व्होल्ट लागतात, त्यामुळे सेलची पूर्ण क्षमता वापरता येणार नाही. आणि रेफरन्सच्या पिनवर जाणारा करंट चिपच्या करंटमध्ये धरलेला नसतो, तो वेगळा मोजा. रेफरन्स आरईएफ ३३ मालिकेतलीच घ्या, नाहीतर डॅक ३ मायक्रोअँपिअरचा आणि रेफरन्स ५० ची असं व्हायचं. एडीआर ३४०० इथे चालणार नाही, लूपमध्ये चालली तरी.

——

हरणी_रोड_टेस्टिंग

आणि मोजताना काळजी घ्या. मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर रेंजमध्ये आतला रेझिस्टर मोठा असतो, अनेक मीटरांत दर मायक्रोअँपिअरला ०.१ मिलीव्होल्ट पडतात. ३ मायक्रोअँपिअरला हरकत नाही, पण रेडिओ किंवा प्रोसेसर जागा होऊन ५ मिलीअँपिअर मागू लागला की अर्धा व्होल्ट मीटरमध्येच जातो आणि सर्किट रीसेट होतं. सेलच्या बाजूला मोठा कपॅसिटर लावून सरासरी मोजा, किंवा १० ओहम मालिकेत टाकून स्कोपवर बघा.

——

कोयलीकर_काका

@कलाभवन_तिसरं_वर्ष, बेटा, प्रोजेक्ट झाल्यावर इथे आकडे टाक. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हाताने काम करून शिकावं म्हणूनच. मोजलेले आकडे, डेटाशीटमधले नाहीत.

——

मकरपुरा_बेंच

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलेलं सर्किट लिहून ठेवतो, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

एक्सटीआर ११५, त्याचा ट्रान्झिस्टर बोर्डच्या टोकाला. ५ व्होल्टवरून एडीआर ३४३३, म्हणजे ३.३ व्होल्टची ८ पीपीएमवाली रेफरन्स, आणि तिच्यावर एडी ५६२१. प्रोसेसर वेगळ्या एमसीपी १७०० वर. इनपुट रेझिस्टर १५ किलोओहम, ०.१ टक्का, २५ पीपीएम. रेफरन्सवरून कायमचे ४ मिलीअँपिअर द्यायचे नाहीत. वॉचडॉगने (अडकलेला प्रोसेसर पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरने) प्रोसेसर रीसेट झाला की कोड सगळ्यात आधी डॅकला ६७० लिहील, म्हणजे ३.६ मिलीअँपिअर, आणि सेन्सरचं पहिलं रीडिंग पटल्यावरच खरी पातळी दाखवेल.

बोर्ड दोन दिवसांत येतील. ओव्हन टेस्ट @हरणी_रोड_टेस्टिंग यांच्याकडे करायची म्हणतो, चालेल ना?

——

हरणी_रोड_टेस्टिंग

चालेल. येताना पॅनेलमधला २५० ओहमचा तोच रेझिस्टर घेऊन या, दुसरा नको. आपण त्याच्यावरचे १ ते ५ व्होल्ट वाचणार, आणि त्याचा ड्रिफ्ट वेगळा काढावा लागेल. तो ओव्हनच्या बाहेर ठेवू, फक्त बोर्ड आत. २५, ५० आणि ७० अंश, प्रत्येक ठिकाणी कोड ६७०, ७४५, २२३५ आणि ३७२४.